काळी चार

"बाई, ही गाती म्हंत्यात," असं म्हणत शालननं लेकीच्या पाठीत हात देऊन तिला माझ्यापुढं ढकललं. "मला त्यातलं काय कळत न्हाई. मी कांड्या भरत असतो, ही शेजारी बसून गाती. माग बंद पडला की मग कळतंय, आमची वैजी गात हुती म्हणून."

पोरगी खाली मान घालून उभी होती. तेरा वर्षांची, अंगानं काटकुळी, केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले. मी नाव विचारलं.

"वैजयंता सातपुते."

मी दचकून तिच्या मागं पाहिलं. उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं असावं असा तो आवाज होता. जाड, खोल, घरातल्या मोठ्या माणसाचा. सतरंजीवर बसलेल्या बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या आणि त्यातली एक म्हणाली, "बापईवानी बोलती की ही!"

मीसुद्धा हसले. आता साठी उलटून गेल्यावर मी पुष्कळ गोष्टी विसरते, पण आपण तेव्हा हसलो होतो हे काही विसरत नाही.

ही गोष्ट इचलकरंजीतली, पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची. आमच्या गावात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ओरडतात, कारण पहाटेपासून गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, माग बंद असतात. म्हणून खोत सरांची 'सूरशाळा' शुक्रवारी संध्याकाळी भरायची. एरवी कुणाला सूर ऐकूच आला नसता.

खोत सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. त्यांना स्वतःला गाणं येत नव्हतं, पण मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या, मागावर राबणाऱ्या लोकांच्या मुलांनी गाणं शिकलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यांनी चार माणसं जमवून संस्था काढली. एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं सुताचं गोडाऊन मागून घेतलं. बंद पडलेल्या एका भजनी मंडळाची पेटी मिळवली. मग ते माझ्या घरी आले. मी विशारद झालेली, बंगल्यांच्या वसाहतीत घरी शिकवण्या घेणारी, पद्मजा मगदूम. चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "बाई, गावात पेट्या पुष्कळ आहेत. कपाटांवर धूळ खात पडल्यात. ज्यांच्या घरी कपाटच नाही, त्यांच्या पोरांनी गायचं नाही का?"

मी हो म्हटलं. नुसतं मन मोठं होतं म्हणून नव्हे, हे आता कबूल करायला हरकत नाही. सेवाभावी गायिका म्हणून चार लोकांत नाव होईल, अशी हावही होतीच. पण शिकवलं मात्र जीव लावून.

तीस मुली आणि एक पेटी. पेटीवरची चौथी काळी पट्टी दाबायची, तिलाच सगळ्यांनी 'सा' मानायचं आणि तिथून वर-खाली जायचं. काळी चार. बहुतेक मुलींना ती सोयीची पडायची. तीस गळे एका सुरात लागले की सुताच्या पोत्यांत कोंडलेली ती जागा भरून जायची आणि खोत सर दारात उभे राहून डोळे पुसायचे. ते भारीच हळवे होते.

वैजू एकपाठी निघाली. एकदा ऐकलं की तिला पाठ. दुसऱ्या मुली तीन-तीन शुक्रवार ज्या जागेवर अडखळायच्या, तिथून ही सहज पलीकडं जायची. सुराला इतकी पक्की, की पेटीचा एक स्वर किंचित उतरला होता तो तिनंच पहिल्यांदा ओळखला. स्वतःहून बोलली मात्र नाही. नुसतीच त्या पट्टीकडं बघत राहिली, मग मी वाजवून पाहिलं. तिला काहीही सांगा, उत्तर एकच असायचं, "व्हय, बाई."

एकदा वर्ग सुटल्यावर मी चपला घालत दारात होते. आत वैजू सतरंजीची घडी घालत होती. बाकी कुणी नव्हतं. ती स्वतःशीच गात होती, त्या दिवशी शिकवलेलंच. पण फार खालून. सावकाश, पोट भरून घास घ्यावा तसं एकेक अक्षर घेत होती. माझ्या अंगावर काटा आला. एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशी मी तिथंच थांबले. इतकं गार, इतकं भरीव गाणं मी त्या गोडाऊनात कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या बंगल्यातल्या शिष्यांकडूनही ऐकलं नव्हतं.

आणि मी काय म्हणाले?

"वैजू, असं पुटपुटत गाऊ नये. आवाज मोकळा सोड. वर ये, सगळ्यांबरोबर."

ती ओशाळली. सतरंजी छातीशी धरून म्हणाली, "व्हय, बाई."

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात खोत सर धापा टाकत माझ्याकडं आले. बातम्या दोन होत्या. एक म्हणजे, गोडाऊन मार्चअखेर रिकामं करून द्यायचं होतं. व्यापारी सज्जन माणूस, पण त्याचाही नाइलाज होता. दुसरी बातमी पुण्याची. तिथली एक संस्था अशा वर्गांना हात देत होती. जागा मिळवून देणार, दहा नव्या पेट्या देणार. त्यांची माणसं फेब्रुवारीत येऊन वर्ग बघणार होती.

"समूहगान तर करूच," सर म्हणाले, "पण एका मुलीनं एकटीनं गायला हवं, बाई. तीस पोरी एकदम गायल्या तर लोक म्हणतात, कवायत छान बसवली. एकटी गायली की त्यांना कळेल, इथं गाणं शिकवतात."

"वैजू गाईल," मी म्हणाले. दुसरं नाव मनात आलंसुद्धा नाही.

मी तिच्यासाठी भूपातली एक बंदिश निवडली. अंतरा असा की सुरुवातच वरच्या 'सा'वर, आणि तिथंच मुक्काम. ऐकणाऱ्याला वाटावं, आता ही खाली येतच नाही. ती जागा लोकांना जिंकणार हे मला ठाऊक होतं. पट्टी अर्थातच काळी चार. समूहगानानंतर लगेच तिचं गाणं, मध्ये पट्टी बदलायचं कारणच काय?

जानेवारीत तिचा आवाज बसू लागला.

"चिंचा खाल्ल्यास?" मी विचारलं.

"न्हाई, बाई."

"मग बोरं? खरं सांग."

मुली हसल्या, तीही कसनुसं हसली. मी तिला ज्येष्ठमधाची काडी दिली, मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. पुढच्या शुक्रवारी आवाज थोडा बरा होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी घोगरा. वरच्या 'सा'वर जाताना ती मान उंचावायची, गळ्याची शीर दोरीसारखी ताठ व्हायची, पण सूर? सूर नेमका लागायचा. त्यानंच घात केला. बेसूर झाली असती तर मी थांबवलं असतं.

तिसऱ्या खेपेला मात्र माझा तोल सुटला. सगळ्यांदेखत बोलले, "वैजयंता, हा सगळा वर्ग तुझ्या एकटीवर आहे, कळतंय का? नव्या पेट्या, नवी जागा, सगळं. आणि तुला जिभेवर ताबा ठेवता येत नाही? परत चिंचा खाल्ल्यास ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "व्हय, बाई. आता न्हाई खानार."

मला बरं वाटलं. मुलीनं चूक कबूल केली, म्हणजे आता सुधारणा होईल, असा माझा मास्तरी हिशेब.

कार्यक्रम आठ दिवसांवर आला तेव्हा मी तिच्या घरी गेले. रोज संध्याकाळी तिला तालमीला पाठवा, असं सांगायला. मागाच्या शेडला टेकून एक खोली. मधली भिंत एकेरी विटेची. आत पाऊल टाकलं आणि कान बधिर झाले. शालन चरख्यासमोर बसून कांड्या भरत होती, भांड्यांची मांडणीसुद्धा त्या हादऱ्यानं थरथरत होती. "बसा की, बाई! बसा!" ती ओरडली. आणि कोपऱ्यात वैजू, भिंतीकडं तोंड करून, कानावर एक हात ठेवून गात होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसतं उघडलेलं तोंड दिसत होतं, आणि गळा.

"रोज दोन वक्त गाती!" शालन माझ्या कानाशी येऊन ओरडली. "तुमी सांगितलंय म्हणून! शाळंतनं आली की पयलं हेच!"

तिच्या चेहऱ्यावर कोण अभिमान होता. मी त्या आवाजातच ओरडून तिला तालमीचं सांगितलं. ती मान हलवून हो म्हणाली. निघताना मी वैजूच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती वळून हसली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, गाण्यात जीव ओतते आहे पोरगी. विचारावंसं काही वाटलं नाही.

कार्यक्रमाच्या शुक्रवारी गोडाऊनची पोती एका बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. पुण्याहून तिघं आले होते. त्यांच्यातल्या एक वयस्क बाई स्वतः जाणकार होत्या, हे त्यांच्या ताल धरण्यावरून कळत होतं. समूहगान झालं. पाहुण्यांनी मान डोलावली, टाळ्या वाजवल्या. कवायत छान बसली होती.

मग वैजू पुढं बसली. नवं परकर-पोलकं घातलेलं, केस तेल लावून चापून बसवलेले. मी पेटीवर सूर धरला आणि ती गायली.

सुरुवातीची स्थायी घोगरी होती. मी मनातून देवाला आळवत होते. अंतऱ्याला तिनं डोळे मिटले आणि वरच्या 'सा'वर जी गेली, ती तिथंच राहिली. घोगरेपणा कुठल्या कुठं गेला. सूर लखलखीत. दुसऱ्या वेळी ती तिथं चढली तेव्हा, केसाएवढ्या क्षणापुरता, आतून काही तरी तुटल्यासारखं मला ऐकू आलं. तिचा हात झटकन गळ्याकडं गेला आणि लगेच परत मांडीवर आला. मग तिनं तोच सूर पुन्हा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

त्या वयस्क बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "हे इथं, या जागेत? तुमची जागा आणि पेट्या ठरल्या म्हणून समजा." खोत सरांना तर हुंदकाच फुटला. ते माझे दोन्ही हात धरून नुसतेच हलवत राहिले.

गर्दी पांगल्यावर वैजू माझ्यापाशी आली. तिला काही सांगायचं होतं. तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज आला नाही.

"दमलीस," मी तिच्या पाठीवर थोपटलं. "आज सोनं केलंस हो! घरी जा, गरम दूध पी आणि झोप."

तिनं मान हलवली आणि ती गेली.

त्यानंतर ती तीन शुक्रवार वर्गाला आली. वेळेवर, पहिल्या रांगेत. समूहात गायची, नवी बंदिश शिकायची. चौथ्या शुक्रवारी मी एकेकीला गायला लावलं. वैजूची पाळी आली. ती उभी राहिली, ओठ हलवू लागली. मी पेटी थांबवली. वारा फुंकल्यासारखा एक खरखरीत श्वास तेवढा ऐकू येत होता.

तीन शुक्रवार ती नुसते ओठ हलवत होती. तीस जणींत एकीचा आवाज नाही, हे मला, त्यांच्या गुरूला, कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला आणि शालनला घेऊन मी एसटीनं मिरजेला गेले. घशाचे डॉक्टर म्हातारे होते, शांत. त्यांनी गळ्यात दुर्बीण घालून बराच वेळ पाहिलं. वैजूनं चूं केलं नाही. नंतर तिला बाहेर बसवून त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं.

"दोन्ही स्वरतंतूंवर गाठी आहेत. त्या आजच्या नाहीत, दीडेक वर्षाच्या असतील. आणि एका तंतूत रक्त उतरून गेलंय. महिनाभरापूर्वी वगैरे. तिथं आता व्रण धरलाय." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं गाणं शिकते?"

"हो."

"पट्टी कुठली हिची?"

"काळी चार."

"ती हिची पट्टी, की तुमच्या वर्गाची?"

मी शालनकडं पाहिलं.

"मी या मुलीचा आवाज ऐकलेला नाही," ते म्हणाले, "पण हिची आई मघाशी सांगत होती, बाप्यासारखा जाड आहे म्हणून. अशा गळ्याला चार-पाच पट्ट्या वर नेऊन रोज गायला लावायचं, म्हणजे… तुम्ही गाणाऱ्या आहात. मी काय सांगायचं तुम्हाला?"

खरंच, त्यांनी मला काही सांगायची गरज नव्हती. बंगल्यात माझ्याकडं जी मुलं शिकायला यायची, त्यांना मी पहिल्या दिवशी काहीच शिकवत नसे. नुसती समोर बसवायचे, पेटीवर एकेक पट्टी दाबायचे, आणि कुठल्या सुरात त्यांचा गळा निवांत होतो ते शोधायचे. कुणाची पांढरी पाच, कुणाची काळी दोन. कधी त्यात अख्खा तास जायचा. माझ्या गुरूंनी मला हेच पहिलं शिकवलं होतं, आधी शिष्याची पट्टी काढ, मग तोंड उघड. फी देणाऱ्या प्रत्येकाची पट्टी मी काढली होती. सूरशाळेतल्या तीस जणींपैकी एकीचीही काढली नव्हती. तीस मुली, एक पेटी, आठवड्याला दोन तास, ही सगळी कारणं खरीच होती. पण सतरंजीची घडी घालताना वैजू तिच्या पट्टीत गात होती, आणि ते मी उभी राहून ऐकलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही.

"परत गाईल का ही?" मी विचारलं.

"तीन महिने अवाक्षर बोलायचं नाही. बोलण्यापुरता आवाज येईल बहुतेक. गाण्याचं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. वैजू मध्ये. मला स्वतःचाच इतका संताप आला होता, की तो तिच्यावरच निघाला.

"अगं, दुखत होतं ना? दीड वर्ष दुखत होतं! मग एकदा तरी म्हणायचंस, बाई, मला वर जमत नाही, खाली घ्या. एवढंच म्हणायचं होतंस. माझ्या घरी शिकणारी मुलं सर्दी झाली तरी सांगतात, बाई, आज पट्टी उतरवा. तुला काय झालं होतं?"

तिला बोलायची बंदी होती. तिनं आईकडं पाहिलं.

"तिला नका बोलू, बाई," शालन म्हणाली. "तिनं सांगितलं हुतं. मला सांगितलं हुतं. आये, गळ्यात सुई टोचल्यागत हुतंय म्हणाली. मीच तिला गप बसवली. म्हटलं, फुकट शिकवत्यात तुला. एवढ्या मोठ्या बाई आपल्या पोरींसाठी गोडाऊनात येऊन बसत्यात. वर गा म्हणत्यात तर वर गायचं. धर्माच्या गाईचं दात कुणी मोजत्यात व्हय?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आन् ते चिंचंचं. पोरी सांगत हुत्या, तुमी तिला लई बोलला. बाई, तिला चिंचंनं अंगावर पित्त उठतंय. लहान असल्यापास्नं ती चिंचंला शिवत न्हाई."

मी वैजूकडं पाहिलं. ती चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होती. जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. शालननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज तिच्या पोरीचा गेला होता आणि समजूत ती माझी घालत होती. त्या हाताचं ओझं मला सहन होईना.

मार्चअखेर पुण्याच्या दहा पेट्या आल्या, नवी जागा मिळाली. खोत सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मी दारात उभा राहून ऐकत होतो हो दर शुक्रवारी. मला वाटायचं, किती छान चाललंय." त्यानंतर उद्घाटनाचा नारळ फोडायला ते आलेच नाहीत.

एप्रिल आणि मे हे दोन महिने मी सगळ्या मुलींच्या पट्ट्या काढण्यात घालवले. तीसपैकी नऊ जणी काळी चारच्या नव्हत्याच. नऊ! दोघींचे घसे तेव्हाच दुखायला लागले होते. त्यांनाही मी विचारल्यावरच सांगावंसं वाटलं.

वैजूनं तीन महिने पाळले. मागांच्या त्या खडखडाटात, जिथं ओरडल्याशिवाय मीठसुद्धा मागता येत नाही, तिथं ती पोरगी हातवारे करून राहिली. मुदत संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, मान हलवली, आणि जपून बोलायला परवानगी दिली. आवाज आला तो फाटका. मधूनच वारा, मधूनच शब्द.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी नव्यातली एक पेटी घेऊन तिच्या घरी गेले. माग बंद होते. गल्लीत इतकी शांतता होती, की कुणाच्या तरी घरचा रेडिओ ऐकू येत होता. शालननं चटई टाकली आणि ती स्वतः दाराबाहेर उंबऱ्यापाशी जाऊन बसली.

"वैजू, गायचं नाही," मी म्हणाले. "नुसता 'आ' करायचा. हळू. जिथं दुखेल तिथं लगेच थांबायचं. मी रागावणार नाही."

"व्हय, बाई."

मी काळी चार दाबली. तिच्या गळ्यातून हवा आली. पांढरी पाच. हवाच. एकेक पट्टी मी खाली येत गेले, प्रत्येक पट्टीवर थांबून, तिच्या चेहऱ्याकडं बघत. पांढरी तीन. काळी दोन. तिच्या भुवयांमधली आठी सैल झाली, खांदे खाली आले. पांढरी दोनला आवाजाचा एक कण लागला आणि निसटला.

काळी एकला तो आला.

फुटका नाही, घोगरा नाही. बारीक, पण भरीव, सरळ, पेटीच्या सुरात असा मिसळलेला, की पेटी कुठली आणि ती कुठली हे ओळखू येईना. तिचे डोळे मोठे झाले. उंबऱ्यावर शालननं वळून पाहिलं. मी भाता जपून ओढत राहिले. श्वास घ्यायलाही भीती वाटत होती. चार मोजेपर्यंत टिकला असेल, मग त्याच्या कडेनं हवा शिरली आणि तो विरून गेला. आम्ही पुन्हा प्रयत्न केला. त्यानंतर नुसती हवाच होती. त्या दिवशीही, आणि पुढं कधीही.

मी भाता थांबवला. तिचा हात हातात घेतला.

"ही तुझी पट्टी, वैजू. काळी एक. ही तुझी स्वतःची."

तिनं मान हलवली. तिनं त्या पट्टीकडं पाहिलं. मग त्या फाटक्या आवाजात, एकेक शब्द जपून उचलत, तिनं विचारलं,

"मग आता हिचं काय करायचं, बाई?"

तिनं ते खरंच विचारलं होतं. मी तिची बाई होते, आणि पुढचं काय ते मला ठाऊक असणार, असं तिला अजून वाटत होतं.